दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ: हिशेब स्वतः कसा करावा

दोन विमानतळांमधले अंतर किती, या प्रश्नाला भूमितीच्या दृष्टीने एकच उत्तर असते. तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, या प्रश्नाचे उत्तर मात्र दिशेनुसार, ऋतूनुसार आणि कधी कधी दिवसागणिकही बदलते. अंतर सांगणारी बहुतेक साधने पहिल्या उत्तराला एका ठरावीक वेगाने भागतात आणि तोच आकडा प्रवासाचा वेळ म्हणून दाखवतात. त्यामुळे तो आकडा आणि तिकिटावरचा वेळ यांत तासा-दोन तासांची तफावत दिसली, की नेमके कशावर विश्वास ठेवावा हे कळेनासे होते. खरे पाहता हे पाच वेगवेगळे आकडे आहेत: भूमितीने निघणारे अंतर, विमान प्रत्यक्ष कापते ते अंतर, हवेतला वेळ, वेळापत्रकातला वेळ आणि घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा वेळ. हे आकडे एकमेकांत न मिसळता क्रमाने काढले, तर साधा कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट एवढ्यावर उत्तम अंदाज बांधता येतो.

आधी विमानतळ नक्की करा

शहराचे नाव पुरेसे नसते. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. टोकियोला हानेदा शहरालगत आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर दूर आहे. हवेतल्या अंतरात या फरकाने फारसे काही बिघडत नाही, पण जमिनीवरच्या प्रवासात त्याने तासाभराचा फरक पडतो. नावांच्या सारखेपणाने होणारा घोळ याहून मोठा असतो. सिडनी नावाचे गाव कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातही आहे आणि त्याला स्वतःचा विमानतळ आहे. सॅन होजे हे कोस्टा रिकाच्या राजधानीचे नाव आहे आणि त्याच स्पेलिंगचे दुसरे शहर कॅलिफोर्नियात आहे. म्हणून कोणताही हिशेब मांडण्यापूर्वी विमानतळाचे तीन अक्षरी सांकेतिक नाव, जे तिकिटावर आणि बॅगेच्या पट्टीवर छापलेले असते, ते तपासून घ्यावे.

अक्षांश-रेखांश नीट उतरवून घ्या

विमानतळाचे स्थान दोन पद्धतींनी लिहिलेले आढळते. विमानवाहतुकीच्या अधिकृत दस्तऐवजांत ते अंश, मिनिटे आणि सेकंदांत असते, तर नकाशांच्या अ‍ॅपमध्ये दशांश अंशांत असते. हिशेबासाठी दशांश रूप सोयीचे पडते. रूपांतर सोपे आहे: सेकंदांना ६० ने भागून मिनिटांत मिळवायचे आणि आलेल्या मिनिटांना पुन्हा ६० ने भागून अंशांत मिळवायचे. हीथ्रोचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटे ३९ सेकंद उत्तर असा दिलेला असेल, तर ३९ सेकंद म्हणजे ०.६५ मिनिट, २८.६५ मिनिटे म्हणजे ०.४७७५ अंश, आणि म्हणून अक्षांश ५१.४७७५. हा आकडा ५१.२८३९ असा उतरवला, तर सुरुवातीलाच वीसेक किलोमीटरची चूक होते.

उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन धरावेत, दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरावेत. दोन रेखांशांमधला फरक १८० पेक्षा जास्त आला, तर तो ३६० मधून वजा करावा, कारण पृथ्वीला वळसा घालायचा तर जवळच्या बाजूने घालायचा.

बृहद्वृत्तावरचे अंतर

भिंतीवरच्या सपाट नकाशावर दोन शहरे पट्टीने जोडली, तर येणारी रेघ हा जवळचा मार्ग नसतो. गोलावर दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावर मोजले जाते, म्हणजे ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते त्या वर्तुळाच्या कमानीवर. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणी दोरा ताणून धरला की ही कमान लगेच डोळ्यांना दिसते. टोकियोहून न्यूयॉर्कला जाणारी कमान पॅसिफिकच्या मधोमध न जाता अलास्काकडे का वळते, याचा उलगडाही तिथेच होतो.

आकडा काढण्याचे सूत्र असे आहे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन, अशा तिघांचा वेगळा गुणाकार करावा. या दोन गुणाकारांची बेरीज घेऊन तिचा व्यस्त कोसाइन (ज्या कोनाचा कोसाइन एवढा येतो तो कोन) काढला, की पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन अंशांत मिळतो. या कोनाला १११.१९५ ने गुणले की किलोमीटर मिळतात. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर एका अंशाची कमान एवढी लांब असते. स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे: तिथली त्रिकोणमितीची फले रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात चालतात, म्हणून अंशांचे रेडियन आधी करून घ्यावेत आणि शेवटी मिळालेला कोन पुन्हा अंशांत आणावा. अंतर चमत्कारिक आले, तर दहापैकी नऊ वेळा दोष याच जागी सापडतो.

जगातल्या सर्वांत लांब नियमित विनाथांबा मार्गांपैकी एक, सिंगापूर ते न्यूयॉर्क, उदाहरणादाखल घेऊ. सिंगापूरचा चांगी विमानतळ १.३५९२ उत्तर आणि १०३.९८९४ पूर्व येथे आहे. न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ ४०.६३९८ उत्तर आणि ७३.७७८९ पश्चिम येथे आहे. रेखांशांतील फरक १७७.७६८३ अंश येतो. अक्षांशांचे साइन ०.०२३७ आणि ०.६५१३, त्यांचा गुणाकार ०.०१५४. कोसाइन ०.९९९७ आणि ०.७५८८, रेखांशफरकाचा कोसाइन उणे ०.९९९२, या तिघांचा गुणाकार उणे ०.७५८०. बेरीज उणे ०.७४२६. तिचा व्यस्त कोसाइन १३७.९५ अंश, आणि त्याला १११.१९५ ने गुणल्यावर सुमारे १५,३४० किलोमीटर.

या उत्तराची तोंडी पडताळणीही करता येते. रेखांशफरक जवळजवळ १८० असल्याने दोन्ही शहरे पृथ्वीच्या समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, म्हणजे जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जाणार. ध्रुवावरून मोजले, तर १८० मधून दोन्ही अक्षांशांची बेरीज, म्हणजे ४२, वजा करून १३८ अंश मिळतात. आपले उत्तर त्याला नेमके जुळते.

हे सूत्र पृथ्वीला परिपूर्ण गोल मानते. प्रत्यक्षात विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर आहे, त्यामुळे उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहू शकते. प्रवासाचा वेळ काढायचा असेल, तर या चुकीकडे निःशंकपणे दुर्लक्ष करावे. वाऱ्याने पडणारा फरक त्याच्या कित्येक पट असतो. आकडा सागरी मैलांत दिलेला असेल, तर त्याला १.८५२ ने गुणावे, आणि साध्या मैलांत असेल, तर १.६०९ ने. विमानक्षेत्रातल्या मजकुरात नुसते ‘मैल’ लिहिले असले, तरी बहुधा सागरी मैलच अभिप्रेत असतात.

विमान प्रत्यक्ष कापते ते अंतर

आता भूमिती संपते आणि व्यवहार सुरू होतो. विमान बृहद्वृत्त तंतोतंत पाळत नाही. उड्डाणानंतर धावपट्टीच्या दिशेमुळे वळसा पडतो, उतरताना हवाई वाहतूक नियंत्रणाने आखलेल्या वाटेने यावे लागते, आणि मधल्या भागात ठरलेले हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रे, वादळे यांना वळसे घालावे लागतात. उत्तर अटलांटिकवर कॅनडातले गँडर आणि ब्रिटनच्या बाजूचे शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रे त्या-त्या दिवसाचे वारे पाहून समांतर मार्गांचे पट्टे जाहीर करतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे, असे ते असतात. साधारण लांबच्या प्रवासात बृहद्वृत्ताच्या अंतरात चार-पाच टक्के मिळवावेत, हा माझ्या मते व्यवहार्य नियम आहे.

मात्र काही मार्गांवर हा नियम सपशेल कोसळतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा राजकीय असते. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर बृहद्वृत्ताने सुमारे ७,८०० किलोमीटर आहे, आणि रशियावरून जाता येत होते तेव्हा हा प्रवास साधारण साडेनऊ तासांत होत असे. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले. फिनलंडच्या फिनएअर कंपनीची विमाने ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून मोठा वळसा घालू लागली आणि तोच प्रवास १३ तासांच्या घरात गेला. अंतरमापक मात्र आजही ७,८०० किलोमीटरच दाखवते, आणि भूमितीच्या दृष्टीने ते चूक नाही. म्हणून आपली कमान कोणत्या देशांवरून जाते, हे गोलावर एकदा पाहून घ्यावे, आणि मधे बंद आकाश असेल तर टक्केवारीचा नियम बाजूला ठेवून त्या मार्गावरच्या अलीकडच्या उड्डाणांची नोंद पाहावी.

दुसरे कारण तांत्रिक आहे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत असावा लागतो. ही मर्यादा विमानाचा प्रकार आणि कंपनीला मिळालेली परवानगी यांवर अवलंबून असते. दक्षिण गोलार्धात, उदाहरणार्थ सिडनी ते सांतियागो या मार्गावर, जवळची कमान अंटार्क्टिकाच्या दिशेला झुकते आणि तिथे असे विमानतळ फार विरळ आहेत, त्यामुळे मार्ग उत्तरेकडे सरकवावा लागू शकतो.

वेग आणि वारा

मोठी लांब पल्ल्याची विमाने, म्हणजे बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५०, साधारण माक ०.८५ या वेगाने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने, जातात. अकरा किलोमीटर उंचीवर, प्रमाण वातावरणात तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर असतो. त्याच्या ०.८५ पट म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटर. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० यांसारख्या लहान विमानांचा वेग माक ०.७८ च्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर असतो. हा वेग हवेच्या संदर्भातला आहे. विमान ज्या हवेत उडते ती हवा स्वतःच वाहत असेल, तर जमिनीच्या संदर्भातला वेग वेगळा येतो, आणि प्रवासाचा वेळ याच दुसऱ्या वेगावर ठरतो.

मध्य अक्षांशांत, विमाने उडतात त्याच उंचीच्या आसपास, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहते. ती हिवाळ्यात अधिक जोरकस असते आणि तिचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. न्यूयॉर्कहून लंडनला वेळापत्रकात सुमारे सात तास धरले जातात, तर उलट्या दिशेने सुमारे आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजच्या एका बोइंग ७४७ ने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले, आणि तेव्हा जमिनीच्या संदर्भातला तिचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. अर्थात कोणीही या विक्रमाच्या भरवशावर पुढचे विमान पकडण्याचा बेत आखू नये.

जाताना वारा जेवढा मदत करतो तेवढाच येताना अडवतो, म्हणून जाण्यायेण्याची सरासरी शांत हवेइतकीच येईल, अशी समजूत सहज होते. ती चूक आहे. अंतर ५,५०० किलोमीटर, हवेतला वेग ९०० आणि वारा १०० धरला, तर अनुकूल दिशेने ५ तास ३० मिनिटे लागतात आणि प्रतिकूल दिशेने ६ तास ५२ मिनिटे. एकूण १२ तास २२ मिनिटे झाली. शांत हवेत जाऊन-येऊन १२ तास १३ मिनिटे लागली असती. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून तोटा नफ्यापेक्षा मोठा ठरतो.

आपल्या सिंगापूर-न्यूयॉर्क उदाहरणात १५,३४० मध्ये पाच टक्के मिळवले, तर सुमारे १६,१०० किलोमीटर होतात, आणि ९०० ने भागल्यावर १७ तास ५३ मिनिटे येतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्यासाठी अर्धा तास जोडला, की सुमारे १८ तास २५ मिनिटे होतात. या मार्गावरचे वेळापत्रक १८ ते १९ तासांच्या दरम्यान असते, म्हणजे आपला अंदाज ठीक बसतो. इथे गंमत अशी, की विमान ध्रुवाशेजारची आखूड कमान सोडून अनेकदा उत्तर पॅसिफिकवरून जाते, कारण जेट स्ट्रीमचा पाठिंबा मिळत असेल तर लांबची वाटही कमी वेळात आणि कमी इंधनात पार होते.

वेळापत्रकातला वेळ

तिकिटावर लिहिलेला कालावधी हवेतला नसतो. विमान फाटकापासून मागे सरकते तिथपासून मुक्कामाच्या फाटकाशी थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, उड्डाणाच्या रांगेत थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा सरपटणे यांत मोठ्या विमानतळांवर दोन्ही टोके मिळून अर्धा तास सहज जातो. शिवाय नेहमीच्या उशिरांना सामावून घेण्यासाठी कंपन्या त्यात थोडी सैलही ठेवतात. उशिरा निघालेले विमान कधी कधी वेळेवर पोहोचते, त्यामागे हेच असते. वेळापत्रकाचे हंगाम दोन असतात: मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. एकाच उड्डाणाचा कालावधी या दोन हंगामांत वेगळा दिसला, तर त्यात छपाईची चूक शोधू नये.

घड्याळाचा हिशेब

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक चुका इथे होतात, अंतर काढताना नव्हे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते. त्यामुळे सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ थेट वजा करून कालावधी काढता येत नाही. दोन्ही वेळा आधी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. स्थानिक वेळ यूटीसीच्या पुढे असेल तर तेवढे तास वजा करायचे, मागे असेल तर मिळवायचे, एवढे एकच सूत्र पुरते. फरक नेहमी पूर्ण तासांत असेल, असेही नाही. काठमांडू ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे, तर अ‍ॅडलेड ९ तास ३० मिनिटे.

ऑकलंड ते लॉस एंजेलिस हा मार्ग घेऊ. जुलैच्या १० तारखेला रात्री ८ वाजता विमान सुटले आणि प्रवास १२ तासांचा आहे, असे समजा. ऑकलंड तेव्हा यूटीसीच्या १२ तास पुढे असते, म्हणून सुटण्याची वेळ १० तारखेची सकाळी ८ यूटीसी. त्यात १२ तास मिळवून रात्री ८ यूटीसी. लॉस एंजेलिस जुलैत ७ तास मागे असते, म्हणून स्थानिक वेळ १० तारखेची दुपारी १. प्रवासी निघाला त्याच दिवशी, पण सात तास आधी पोहोचला, असे घड्याळ सांगते. परतताना याची वसुली होते: १० जुलैला रात्री १० वाजता लॉस एंजेलिसहून निघून १३ तासांनी ऑकलंडला उतरले, तर तिथे १२ जुलैची सकाळी ६ वाजलेली असते, आणि ११ जुलै हा दिवस आंतरराष्ट्रीय वाररेषेवर जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो. हॉटेलचे आरक्षण कोणत्या तारखेपासून करायचे, हे ठरवताना पोहोचण्याच्या वेळेपुढे छापलेल्या अधिक एक किंवा अधिक दोन या छोट्या खुणेकडे म्हणूनच बारकाईने पाहावे.

उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांमुळे गुंतागुंत आणखी वाढते, आणि दोन गोलार्धांत उन्हाळा उलट असल्यामुळे ती दुप्पट होते. याच दोन शहरांमध्ये जुलैत १९ तासांचा फरक असतो आणि जानेवारीत २१ तासांचा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे करते आणि न्यूझीलंड एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे घेते, म्हणून मधल्या काही आठवड्यांत हा फरक २० तासांचा असतो. मागच्या प्रवासात लक्षात राहिलेला फरक पुढच्या प्रवासाला लावू नये; प्रवासाच्या तारखेचाच फरक शोधावा.

थांबा असलेला प्रवास

थेट उड्डाण नसेल, तर प्रत्येक टप्प्याचे बृहद्वृत्तीय अंतर स्वतंत्र काढून बेरीज करावी आणि ती थेट अंतराशी ताडून पाहावी. लंडन ते सिडनी थेट अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. सिंगापूरमार्गे १०,९०० आणि ६,३०० मिळून १७,२०० होतात, म्हणजे वळसा जेमतेम एक टक्क्याचा. दुबईमार्गे ५,५०० आणि १२,०५० मिळून १७,५५० होतात, तीनेक टक्के जास्त. लॉस एंजेलिसमार्गे मात्र ८,८०० आणि १२,०५० मिळून २०,८५० होतात, म्हणजे वीस टक्क्यांहून अधिक वळसा. किलोमीटरमागे साधारण चार सेकंद धरले, तर शेवटच्या पर्यायात हवेतच चार तासांहून अधिक वाढ होते. वळसा पाच टक्क्यांच्या आत असेल, तर अंतराचा विचार सोडून थांब्याच्या लांबीवर लक्ष द्यावे, कारण एकूण वेळ तिथेच वाढतो किंवा वाचतो.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर विमान बदलण्यासाठी त्या विमानतळाने ठरवलेला किमान वेळ कंपनीने धरलेला असतो, आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय सहसा तीच करते. तिकिटे वेगवेगळी असतील, तर सामान घेऊन, बाहेर पडून, पुन्हा चेक-इन करावे लागू शकते आणि पुढचे विमान चुकल्यास नवे तिकीट आपल्या खिशातून येते. अशा वेळी तीन-चार तासांहून कमी थांबा मी तरी सुचवणार नाही. अमेरिकेत तर केवळ विमान बदलून दुसऱ्या देशात जाणाऱ्यालाही इमिग्रेशन पार करावे लागते, त्यामुळे तिथला थांबा वेळेच्या आणि व्हिसाच्या, अशा दोन्ही अंगांनी तपासावा.

दारापासून दारापर्यंत

उरलेले काम साध्या बेरजेचे आहे. विमानतळापर्यंतचा रस्ता, आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वीचे तीन तास, वेळापत्रकातला कालावधी, थांबे, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानासाठी तासभर ते दीड तास, आणि शेवटी शहरापर्यंतचा प्रवास. बारा तासांचे उड्डाण या बेरजेत सहज अठरा तासांचे होते. हा आकडा स्थानिक घड्याळांत नव्हे, तर निव्वळ तासांत लिहून ठेवावा. झोप, औषधांच्या वेळा आणि लहान मुलांचे खाणे यांचे नियोजन त्यावरूनच करता येते.

शेवटची पडताळणी उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर करावी. तिथे आपल्या उड्डाणाचा क्रमांक घालून गेल्या आठवडाभरातले प्रत्यक्ष सुटण्याचे आणि थांबण्याचे आकडे पाहावेत, आणि त्यातला सर्वांत चांगला दिवस न घेता दुसऱ्या क्रमांकाचा वाईट दिवस हिशेबात धरावा. परतीच्या प्रवासासाठी हे सगळे उलट्या दिशेने नव्याने करावे. अंतराचा एकच आकडा तेवढा जुन्या कागदावरून उचलता येईल.